पार्श्वभूमी : बेस्टच्या तोट्याचं मूळ

दादर पूर्वेच्या खोदादाद सर्कलला बसमधून उतरणारा माणूस आजही कंडक्टरकडे 'टीटी' मागतो. टीटी म्हणजे ट्रॅम टर्मिनस. बोरीबंदरहून सुटलेली मुंबईची शेवटची ट्रॅम 31 मार्च 1964 च्या रात्री इथेच येऊन थांबली. ट्रॅम गेली, नाव राहिलं. मुंबईत बस चालवणाऱ्या आणि वीजही पुरवणाऱ्या महापालिकेच्या बेस्ट या उपक्रमाच्या आजच्या ओढगस्तीचा माग काढायचा तर याच ट्रॅमपर्यंत जावं लागतं.

मुंबईत आधी आली रेल्वे. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, 3 फेब्रुवारी 1925 ला कुर्ल्यापर्यंत विजेवरची लोकल सुरू झाली. शहर चिंचोळं, त्यामुळे रूळ पडले ते दक्षिणोत्तर. स्टेशनपासून घर, बाजार, गिरणी गाठायची ती ट्रॅमने आणि पुढे बसने. 1874 मध्ये कुलाबा ते पायधुणी ट्रॅम सुरू झाली, तेव्हा ती घोडे ओढत. 7 मे 1907 ला ती विजेवर आली, आणि ती चालवणारी कंपनीच शहराला वीजही विकत होती. 'बेस्ट' म्हणजे बृहन्मुंबई इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रान्सपोर्ट, या नावात वीज आधी आणि वाहतूक नंतर येते, ती म्हणूनच. 15 जुलै 1926 ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट पहिली बस निघाली. 7 ऑगस्ट 1947 ला, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, हा सगळा पसारा महापालिकेने ताब्यात घेतला.

बेस्ट वीज पुरवते ती कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत. बस मात्र दहिसर-मुलुंड ओलांडून पलीकडेही जाते. विजेत उरलेला पैसा बसकडे वळवायचा, ही रीत कित्येक वर्षं चालली. गिरगावातल्या दिव्याच्या बिलातून गोवंडीतल्या कामगाराचं तिकीट स्वस्त राहत होतं. मला ही व्यवस्था न्याय्य वाटते, कारण बस हीसुद्धा पाण्याइतकीच नागरी गरज आहे. 2003 च्या वीज कायद्यानंतर मात्र विजेचा हिशेब वेगळा ठेवणं भाग पडलं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि हा आधार सुटला. त्याची जागा घेणारा दुसरा कायमचा आधार कोणी उभा केला नाही. मुंबईच्या बसचं खरं दुखणं हे आहे, प्रवासी कमी झाले ते त्यानंतरचं.

मग भाडेतत्त्वावरच्या बस आल्या : गाडी आणि ड्रायव्हर कंत्राटदाराचा, बेस्टने किलोमीटरमागे पैसे मोजायचे. एके काळी चार हजारांवर असलेल्या ताफ्यात बेस्टच्या स्वतःच्या गाड्या आता थोड्याच उरल्या. जुन्या डिझेल डबलडेकरने सप्टेंबर 2023 मध्ये निरोप घेतला.

जुलै 2019 मध्ये किमान तिकीट 8 रुपयांवरून 5 रुपये झालं, तेव्हा थांब्यांवर पुन्हा रांगा दिसू लागल्या. मे 2025 मध्ये तेच तिकीट 10 रुपये झालं.