मद्यमुक्तीसाठीचे साहाय्य (नाशिक)

अनेक वर्षे भरपूर मद्यपान केलेल्या व्यक्तीला दारू पूर्ण सोडण्यासाठी किंवा तिचे प्रमाण कमी करण्यासाठी डॉक्टर, समुपदेशक, स्वमदत गट, कुटुंब आणि काही वेळा धर्मसंप्रदाय यांच्याकडून मिळणारी मदत. नाशिक शहर व जिल्ह्यात ती शासकीय रुग्णालये, खासगी मनोविकारतज्ज्ञ, निवासी व्यसनमुक्ती केंद्रे आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या स्वमदत चळवळीच्या सभा अशा अनेक ठिकाणी मिळते. मात्र ती बहुधा उशिरा मागितली जाते, आणि पहिली चौकशी करायला पिणारा स्वतः न येता त्याची बायको, आई किंवा भाऊ येतो. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशातील १० ते ७५ वयोगटातील १४.६ टक्के लोक मद्यपान करतात व सुमारे २.७ टक्के लोक मद्यावर अवलंबून आहेत. अशा अवलंबून असलेल्यांपैकी ३८ जणांमागे एकालाच कोणतेही उपचार मिळतात, तर १८० जणांमागे एकच जण रुग्णालयात वा केंद्रात दाखल होतो.

नाशिकचे नाव आता द्राक्षांइतकेच वाइनशी जोडले गेले आहे. तरी ज्यांना मदतीची खरी गरज पडते त्यांच्या हाती बहुधा देशी दारूची बाटली, व्हिस्की किंवा रमची क्वार्टर, आणि पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या आदिवासी तालुक्यांत हातभट्टीची किंवा मोहाची दारू असते. पिण्याचे मोजमाप पेल्यांवर न करता शुद्ध अल्कोहोलवर करावे लागते. ४२.८ टक्के तीव्रतेच्या ३० मिलिलिटर मद्यात सुमारे १० ग्रॅम, म्हणजे एक एकक अल्कोहोल असते. त्या हिशेबाने रोजची एक क्वार्टर (१८० मिलिलिटर) म्हणजे सहा एकके होतात आणि आठ टक्क्यांच्या तीव्र बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या एका बाटलीत चार एकके भरतात. ‘मी फक्त बिअरच घेतो’ या बचावाला त्यामुळे फारसा अर्थ उरत नाही. हातभट्टीच्या दारूची तीव्रता प्रत्येक खेपेला वेगळी असल्याने तिला हा हिशेब लागू करता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ ही दहा प्रश्नांची चाचणी कोणत्याही दवाखान्यात काही मिनिटांत घेता येते. तिच्या ४० पैकी ८ किंवा अधिक गुण धोकादायक मद्यपान सुचवतात, तर २० किंवा अधिक गुण आल्यास अवलंबित्वाची शक्यता धरून पूर्ण तपासणी केली जाते.

सोडण्याचा सर्वांत धोक्याचा काळ म्हणजे पहिला आठवडा, आणि नेमक्या याच काळात मदत नसते. गटारी अमावास्येला मनसोक्त प्यायची आणि श्रावण लागताच एकदम बंद करायची, ही रीत नाशिककरांनाही परिचित आहे. गणपती बसताना किंवा नवरात्रात घट बसताना शपथ घेणारेही पुष्कळ असतात. अधूनमधून पिणाऱ्याला अशा बंदीने काही होत नाही. मात्र वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या शामक परिणामाला सरावलेला असतो, आणि ती अचानक थांबली की तो अतिउत्तेजित होतो. शेवटच्या पेल्यानंतर ६ ते २४ तासांत हात थरथरणे, घाम, मळमळ, धडधड आणि झोप उडणे सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फीट येऊ शकते. आणि काहींना साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ होतो, ज्यात रुग्णाला वेळ-स्थळाचे भान राहत नाही, भिंतीवर किडे किंवा दारात माणसे दिसतात, ताप व रक्तदाब वाढतो आणि उपचार न झाल्यास मृत्यूही ओढवू शकतो. ‘बाहेरची बाधा’ समजून अशा माणसाला देवऋषीकडे किंवा भगताकडे नेले जाते, आणि त्यात मोलाचा वेळ जातो. शपथ मोडण्याचे काहीच कारण नाही. तिच्या आधी डॉक्टरांकडे जाण्याची मात्र गरज आहे. फीट, बरळणे किंवा भास सुरू झाल्यास १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून रुग्णालय गाठावे लागते.

या अवस्थेवर क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम यांसारखी औषधे देऊन ती काही दिवसांत टप्प्याटप्प्याने उतरवली जातात. यकृत फार बिघडलेले असल्यास लोराझेपाम निवडले जाते. या गोळ्यांचीही सवय लागू शकते आणि दारूसोबत घेतल्यास त्या श्वास मंदावतात, म्हणून त्या मेडिकलमधून परस्पर आणून घेण्याच्या नाहीत. याच्या जोडीला थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व बी-१, इंजेक्शनने देणे महत्त्वाचे असते, कारण त्याच्या अभावी चालीचा तोल, डोळ्यांची हालचाल आणि पुढे स्मरणशक्ती कायमची बिघडू शकते. अशक्तपणा आला म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात नुसती ग्लुकोजची सलाइन लावून घेण्याची पद्धत येथे अंगाशी येऊ शकते; थायमिनचा तुटवडा असताना आधी ग्लुकोज दिल्यास हाच विकार उफाळण्याचा धोका असतो.

नाशिकमध्ये त्र्यंबक रोडवरील जिल्हा शासकीय रुग्णालय, ज्याला लोक ‘सिव्हिल’ म्हणतात, आणि आडगाव येथील डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय ही मोठी ठिकाणे आहेत. सातपूर व अंबडच्या कारखान्यांतील विमाधारक कामगारांना सातपूरच्या कामगार विमा रुग्णालयातून सुरुवात करता येते. फोनवरून माहिती व समुपदेशन हवे असल्यास व्यसनमुक्तीसाठीची १४४४६ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ‘टेलिमानस’ या शासकीय मानसिक आरोग्य सेवेची १४४१६ ही मदतवाहिनी उपलब्ध आहे. काही कुटुंबे रुग्णाला मुद्दाम गावापासून दूर, विशेषतः पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पाठवतात. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या या संस्थेने महाराष्ट्रात व्यसनाकडे आजार म्हणून पाहण्याची दृष्टी रुजवली. निवासी उपचार साधारण महिनाभर चालतात. केंद्र निवडताना नोंदणी, डॉक्टरांची नियमित उपस्थिती आणि घरच्यांना भेटीची मुभा या गोष्टी तपासाव्यात. मारहाण करणारे किंवा कोंडून ठेवणारे केंद्र उपचार करत नसते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा कायदा मद्याच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांनाही लागू असल्याने रुग्णाचे हक्क व दाखल करण्याची पद्धत कायद्याने ठरलेली आहे.

दारू थांबल्यानंतर पुन्हा ओढ लागू नये यासाठी नाल्ट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट ही औषधे वापरली जातात. डायसल्फिरामचे काम वेगळे आहे: ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायल्यास शरीरात ॲसिटाल्डिहाइड साठते आणि चेहरा लाल होणे, उलट्या, धडधड व रक्तदाब घसरणे असा त्रास होतो. ‘पिणाऱ्याला न कळता दारू सोडवा’ अशा जाहिराती भिंतींवर आणि बसस्थानकांवर दिसतात, आणि वैतागलेली घरची माणसे चहात किंवा भाजीत पूड मिसळतातही. तिच्यात काय आहे हे कळायला मार्ग नसतो, आणि डायसल्फिराम असेल तर हृदयविकार असलेल्या माणसाच्या ते जिवावर बेतू शकते. हे औषध रुग्णाच्या संमतीनेच द्यायचे असते.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही चळवळ १९३५ मध्ये अमेरिकेतील ॲक्रन येथे सुरू झाली. तिच्या सभेला फी नसते, आडनाव सांगावे लागत नाही, आणि पिणे थांबवण्याची इच्छा एवढीच सदस्यत्वाची अट असते. मराठी सभांत लोक आपली कहाणी सांगतात, जुने सदस्य नव्यांना हाताशी धरतात, आणि ‘फक्त आजचा दिवस’ हे सूत्र आयुष्यभराच्या शपथेचे ओझे हलके करते. नाशिकच्या परिसरात याआधीपासून चालत आलेला आधार वारकरी संप्रदायाचा आहे. गळ्यात तुळशीची माळ घातली की मद्य-मांस वर्ज्य होते, आणि ती घातलेल्या माणसाला पिण्याचा आग्रह करायला गावातले जुने सोबतीही कचरतात. त्र्यंबकेश्वरी संत निवृत्तिनाथांची समाधी असल्याने पौष वद्य एकादशीची यात्रा, पंढरीची वारी आणि गावोगावचे हरिनाम सप्ताह यांतून संध्याकाळी बसायला दुसरी जागा मिळते. अर्थात फीट येणाऱ्या माणसाला माळ वाचवत नाही, आणि माळ उतरवून पुन्हा प्यायला लागलेल्याला लाजेपोटी दिंडीत आणि दवाखान्यातही परतणे जड जाते.

सगळ्यांनाच पूर्ण सोडायची नसते, आणि ‘थोडी कमी करायची आहे’ म्हणणाऱ्याला परत पाठवणे ही उपचारकांची जुनी चूक आहे. सकाळी थरथर होत नाही, यकृताचा आजार नाही, गर्भारपण नाही, अशा व्यक्तीला पिण्याची रोज नोंद ठेवणे, आठवड्यातले कोरडे दिवस ठरवणे, उपाशीपोटी न पिणे आणि घरात साठा न ठेवणे यांतून प्रमाण उतरवता येते. अशा पिणाऱ्यांना छोट्या समुपदेशनाचाही फायदा होतो. गोव्यात प्रशिक्षित पण वैद्यकीय पदवी नसलेल्या समुपदेशकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत केलेल्या अशा कामाचा परिणाम ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. दीर्घकाळ जड मद्यपान केलेल्यांना मात्र मर्यादेत राहणे बहुधा जमत नाही, आणि सिरॉसिस (यकृत घट्ट होऊन निकामी होत जाण्याचा आजार) झालेल्याला सुरक्षित अशी मर्यादाच नसते. निव्वळ चरबी साठलेले यकृत दारू थांबल्यावर काही आठवड्यांत सुधारू शकते.

घरच्यांसाठी १९५१ पासून अल-ॲनॉन ही स्वतंत्र चळवळ आहे, आणि मुक्तांगणमध्ये रुग्णांच्या पत्नींचा ‘सहचरी’ गट चालतो. बाटली शोधून ओतून देणे, साहेबांना खोटे कारण सांगणे, उसनवारी फेडणे यांत दमलेल्या बायकोला स्वतःची झोप, पैसा आणि सुरक्षितता सांभाळायला शिकवणे हा त्यांचा हेतू असतो. नवरा सुधारो वा न सुधारो, हे काम उपयोगाचे ठरते.

घसरण, म्हणजे काही काळाच्या खंडानंतर पुन्हा पिणे, पुष्कळांच्या बाबतीत होते आणि त्यावरून उपचार वाया गेले असे ठरत नाही. पहिल्या वर्षात लग्नसराई, द्राक्षाचे पैसे हाती येण्याचे दिवस, पगाराची तारीख आणि घरातील भांडण हे प्रसंग विशेष जोखमीचे असतात, म्हणून पाठपुराव्याच्या भेटी त्यांच्या आसपास ठेवल्या जातात. वारंवार सोडून पुन्हा सुरू केलेल्या व्यक्तीला प्रत्येक पुढच्या वेळी सोडतानाचा शारीरिक त्रास अधिक तीव्र होण्याची शक्यता असते. त्यामुळे पूर्वी कधी फीट आली किंवा भास झाले असल्यास ते डॉक्टरांना आधीच सांगावे लागते आणि अशा रुग्णाला घरी न ठेवता दाखल करूनच दारू थांबवली जाते.