एचडीएल वाढवायचं कशासाठी?

लिपिड प्रोफाइलच्या, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीच्या, रिपोर्टमध्ये एचडीएल (ज्याला ‘चांगलं कोलेस्टेरॉल’ म्हणतात ते) चाळिशीच्या खाली दिसलं, की घरात अक्रोड, जवस, ऑलिव्ह तेल येऊ लागतं. आकडा वाढला म्हणजे हृदय वाचलं, ही समजूत त्यामागे असते. ती रुजली कशी, हे माहीत असायला हवं.

अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८ पासून हजारो रहिवाशांची हृदयतपासणी चालू होती. १९७७ मध्ये तिथल्या नोंदींतून दिसलं, की ज्यांचं एचडीएल जास्त, त्यांना हृदयविकार कमी. एचडीएलचे कण शरीरातलं जादा कोलेस्टेरॉल यकृताकडे परत नेतात, असा विचार आधीच मांडला गेला होता. दोन्हींचा मेळ बसला आणि ‘चांगलं कोलेस्टेरॉल’ घरोघरी पोचलं.

मग एचडीएल वाढवणारी औषधं आली. त्यांतल्या टॉर्सेट्रॅपिबच्या चाचणीत सुमारे १५,००० रुग्ण होते. औषध घेणाऱ्यांचं एचडीएल ७२ टक्क्यांनी वाढलं, पण त्यांच्यातच मृत्यू जास्त झाले आणि डिसेंबर २००६ मध्ये चाचणी थांबवावी लागली. २०११ मध्ये नायसिन या दुसऱ्या औषधानेही निराशा केली. पुढच्याच वर्षी जनुकांच्या अभ्यासातून कळलं, की ज्यांचं एचडीएल जन्मतःच थोडं जास्त असतं, त्यांनाही त्यामुळे हार्ट अटॅकपासून संरक्षण मिळत नाही. म्हणजे हा आकडा प्रकृतीची खूण आहे. नुसता तो वाढवून काही साधत नाही. दारूनेही एचडीएल वाढतं, म्हणून कोणी ती सुरू करू नये!

चालणं, पोटाचा घेर कमी करणं, सिगारेट सोडणं यांनी एचडीएल थोडंच वाढतं. पण त्याच सवयींनी साखर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली आणखी एक चरबी), रक्तदाब सुधारतात, आणि माझ्या मते खरा फायदा तोच.

आपल्याकडे हा प्रश्न मोठा आहे. महाराष्ट्रासह चार ठिकाणी झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीत (२०१४) ७२ टक्के प्रौढांचं एचडीएल कमी निघालं. एकूण कोलेस्टेरॉल मात्र जेमतेम १४ टक्क्यांचं जास्त होतं. भात, मैदा, साखर यांचा मारा आणि बैठं काम यांनी ट्रायग्लिसराइड चढतात, एचडीएल उतरतं. त्यात वनस्पती तुपाची भर. डालडा १९३७ पासून बाजारात आहे. अशा तुपातले ट्रान्स फॅट (तेल घट्ट करताना तयार होणारी चरबी) वाईट कोलेस्टेरॉल वाढवतात आणि चांगलं घटवतात, हे नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १९९० मध्ये दाखवलं. भारतात तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा यायला मात्र २०२२ उजाडलं.