फ्रान्सचा राजवारसा

फ्रान्समध्ये राजेशाही होती तेव्हा गादीवर पुढचा राजा कोण बसणार, हे ठरवणारी परंपरागत नियमांची चौकट. जुन्या राजवटीत, म्हणजे १७८९ च्या क्रांतीपूर्वी, या नियमांना ‘राज्याचे मूलभूत कायदे’ म्हणत. थोरल्या मुलाचा हक्क, स्त्रिया व त्यांच्या वंशजांना मज्जाव, राजा कॅथलिक असण्याची अट आणि गादी कोणाच्याही नावे करून देण्याची राजाला असलेली मनाई, हे त्यांतले मुख्य. मात्र ते कोणी एकत्र बसून लिहून काढलेले नव्हते. बहुतेकदा निर्णय आधी झाला आणि त्याला कायद्याचा आधार मागाहून शोधण्यात आला.

इ. स. ९८७ मध्ये सरदार व धर्मगुरूंनी ह्यू कापे याला निवडून राजा केले. निवडून आलेल्याच्या मुलाला गादी मिळेलच याची खात्री नसते, हे ओळखून त्याने त्याच वर्षअखेरीस आपला मुलगा रोबेर याचाही राज्याभिषेक उरकून घेतला. बापाच्या हयातीतच मुलाला मुकुट घालण्याची ही युक्ती पुढच्या राजांनीही चालवली. दुसऱ्या फिलिपला (कारकीर्द ११८०–१२२३) तिची गरज वाटली नाही. तोवर निवडणूक नुसती नावापुरती उरली होती. शिवाय नशीबही साथ देत होते. सव्वातीनशे वर्षे या घराण्यातल्या प्रत्येक राजामागे गादीला मुलगा होता, त्यामुळे मुलीचा हक्क किती हा प्रश्नच उद्भवला नाही.

तो १३१६ मध्ये उद्भवला. जून महिन्यात दहावा लुई वारला, तेव्हा राणी क्लेमाँस गरोदर होती. नोव्हेंबरात तिला मुलगा झाला. पहिला जाँ म्हणून राजांच्या यादीत त्याची नोंद आहे, पण तो पाच दिवसांतच दगावला. मागे उरली लुईची पहिल्या पत्नीपासून झालेली चार वर्षांची मुलगी जान. तिच्या आईवर १३१४ मध्ये व्यभिचाराचा आरोप शाबीत झालेला, म्हणून मुलीच्या जन्माविषयीही कुजबुज होती. कारभार पाहणाऱ्या चुलत्याने, म्हणजे फिलिपने, वेळ दवडला नाही. जानेवारी १३१७ मध्ये रॅंस या राज्याभिषेकाच्या शहराच्या वेशी बंद करून त्याने स्वतःला अभिषेक करवून घेतला. या समारंभात राज्याच्या मानकऱ्यांत त्याची सासू, आर्त्वाची काउंटेस माओ, हीसुद्धा होती. मुकुट धरायला स्त्री चालली! पुढच्याच महिन्यात पॅरिसच्या सभेने स्त्रीला फ्रान्सची गादी मिळत नाही, असे जाहीर केले. फिलिप स्वतः १३२२ मध्ये मुलींनाच मागे ठेवून गेला आणि त्याच नियमाने गादी त्याच्या धाकट्या भावाकडे, चौथ्या चार्ल्सकडे गेली.

चार्ल्सही १३२८ मध्ये मुलाविना वारला. दत्तक घेऊन गादी चालवण्याची सोय तिथे नव्हती. सर्वांत जवळचा पुरुष म्हणजे त्याचा भाचा, इंग्लंडचा पंधरा वर्षांचा राजा तिसरा एडवर्ड. स्त्री स्वतः राज्य करू शकत नसली तरी हक्क मुलाला देऊ शकते, असे त्याच्या बाजूने मांडले गेले. जे स्वतःजवळ नाही ते ती देणार कसे, असा फ्रेंचांचा प्रतिप्रश्न होता. खरी अडचण परक्या राजाची होती, हे उघड आहे. सरदारांनी चार्ल्सचा चुलतभाऊ फिलिप द व्हाल्वा याला गादीवर बसवले. एडवर्डने १३४० मध्ये स्वतःला फ्रान्सचा राजा म्हणवून घेतले आणि इंग्लंड-फ्रान्समधल्या शंभर वर्षांच्या युद्धाला वारशाच्या दाव्याचे निशाण मिळाले.

या दोन्ही वेळी ‘सॅलिक कायद्या’चा आधार कोणी घेतलेला दिसत नाही. सॅलियन फ्रँकांची ही संहिता सहाव्या शतकाच्या सुमाराची. तिच्या एका कलमात सॅलिक जमिनीचा वारसा स्त्रियांना नाकारला आहे; राजमुकुटाचा तिथे उल्लेखही नाही. १३५८ च्या सुमारास सॅं-दनीच्या मठातल्या रिशार लेस्को या साधूने ती उजेडात आणली आणि पंधराव्या शतकात इंग्रजांशी वाद घालताना ती हुकमी पुरावा ठरली.

१४२० मध्ये सहाव्या चार्ल्सने त्रुआच्या तहाने पोटच्या मुलाला डावलून इंग्लंडच्या पाचव्या हेन्रीला वारस नेमले. गादी ही राजाची खासगी मालमत्ता नाही, तेव्हा ती देऊन टाकण्याचा त्याला अधिकारच नाही, ही भूमिका मुलाच्या पक्षाने घेतली. १४२९ मध्ये जोन ऑफ आर्कच्या साक्षीने याच मुलाला, सातव्या चार्ल्सला, रॅंसला अभिषेक झाला.

१५८९ मध्ये तिसऱ्या हेन्रीचा खून झाल्यावर पुरुषवंशाच्या नियमाने नावारचा हेन्री वारस ठरला. दोघांचा समान पूर्वज तेराव्या शतकातला नववा लुई, इतके हे नाते लांबचे! त्यात हेन्री प्रोटेस्टंट. प्रोटेस्टंट राजाला विरोध करणारी कॅथलिकांची संघटना, कॅथलिक लीग, स्पेनच्या राजकन्येचे नाव पुढे करू लागली, तेव्हा जून १५९३ मध्ये पॅरिसच्या पार्लमांने (वरिष्ठ न्यायालयाने) परक्याला गादी देणे मूलभूत कायद्यांविरुद्ध असल्याचा निवाडा दिला. महिन्याभरात हेन्रीने कॅथलिक पंथ स्वीकारला. रॅंस लीगच्या ताब्यात असल्याने त्याचा अभिषेक १५९४ मध्ये शार्त्रला झाला.

स्त्रीला गादी नाही, पण कारभार चाले. कॅथरीन द मेदिची, मारी द मेदिची आणि ऑस्ट्रियाची ॲन यांनी अल्पवयीन राजांच्या नावाने राज्य हाकले.

१८३० च्या क्रांतीनंतर ऑर्लेआँ शाखेचा लुई फिलिप गादीवर आला आणि राजपक्ष दुभंगला. बूर्बाँ घराण्याच्या थोरल्या शाखेचा फ्रान्समधला शेवटचा वारस, काउंट ऑफ शाँबोर, याने १८७३ मध्ये क्रांतीचे तिरंगी निशाण नाकारून राजा होण्याची चालून आलेली संधी घालवली. १८८३ मध्ये तो निपुत्रिक वारला. तेव्हापासून ऑर्लेआँ आणि स्पेनचे बूर्बाँ असे दोन दावे आहेत. स्पेनच्या बूर्बाँचा मूळपुरुष, चौदाव्या लुईचा नातू पाचवा फिलिप, याने उत्रेख्तच्या तहाच्या वेळी (१७१३) फ्रेंच गादीवरचा हक्क सोडला होता. ऑर्लेआँवादी त्यावर बोट ठेवतात. दुसरा पक्ष म्हणतो, असा हक्क सोडता येतच नाही.