इंजिन फोडतं ते कोंडलेलं पाणी

अमेरिकेतल्या मिनेसोटात राहणाऱ्या माझ्या मावसभावानं यंदा एक जुनी मोटरबोट घेतली. ऑक्टोबर लागला तसा शेजारी त्याच्या मागे लागला, "इंजिनातलं पाणी काढलंस का?" मग ह्याचा मला फोन. "अरे, ब्लॉकला फ्रीज प्लग असतात. पाण्याचा बर्फ झाला की ते उडतात आणि ब्लॉक वाचतो. मग बुचं खोलत कशाला बसायचं?" गाड्यांची चांगली जाण असलेली माणसंही हे छातीठोकपणे सांगतात. म्हणून हा लेख.

आधी त्या प्लगचा निकाल लावू. इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेलं बिडाचं मुख्य धड, वाळूच्या साच्यात ओततात. सिलिंडरांभोवती पाणी खेळण्यासाठी पोकळी हवी, म्हणून साच्यात वाळूचाच कोअर, म्हणजे गाभा, बसवतात. ओतकाम निवल्यावर ती वाळू बाहेर काढायला भोकं लागतात, आणि पुढे ती भोकं पत्र्याच्या वाट्या ठोकून बंद करतात. ह्या वाट्या म्हणजेच फ्रीज प्लग. कोल्हापुरात शिरोलीच्या फाउंड्रीत काम केलेल्या कुणालाही हे ठाऊक असतं. बर्फाच्या रेट्यानं कधी त्या वाट्या निघून येतातही. पण कधी त्या जागच्या जागी शाबूत असतात आणि शेजारीच ब्लॉकला वीतभर चीर गेलेली असते. ती सुरक्षेची सोय नव्हेच.

मोटारीत रेडिएटर असतो आणि त्यात अँटीफ्रीझ, म्हणजे थंडीत सहज न गोठणारा द्रव, फिरतं. बऱ्याच बोटींच्या आतल्या इंजिनांना रेडिएटरच नसतो, तळं हाच रेडिएटर. रबरी इंपेलरचा (फिरत्या पात्यांच्या चाकाचा) पंप तळ्याचं पाणी ओढतो, ते ब्लॉकमधून आणि धूर बाहेर नेणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधून फिरतं आणि धुराबरोबर बाहेर पडतं. बोट ट्रेलरवर चढली तरी ब्लॉकच्या तळाशी, मॅनिफोल्डमध्ये, नळीच्या प्रत्येक खोलगट वळणात तळं थोडं थोडं शिल्लक राहतं. आपल्या कोकणात 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते तेव्हा इंजिनाला धास्ती असते ती खाऱ्या पाण्याची आणि गंजाची. मिनेसोटात जानेवारीत पारा उणे 20 अंश सेल्सियसच्या खाली जाणं नवलाचं नाही. तिथे गोड्या पाण्याचीच धास्ती.

आता माझ्या आवडीचा भाग. बहुतेक पदार्थ गोठताना आकसतात, पाणी फुगतं. बर्फात पाण्याचा प्रत्येक रेणू चारच शेजाऱ्यांना हायड्रोजन बंधांनी धरून असतो, आणि ते चौघे ठरावीक कोनांत उभे असतात. त्यामुळे मध्ये बरीच जागा मोकळी राहते. द्रवात ही शिस्त मोडते आणि मोकळ्या जागेत आणखी रेणू घुसतात. म्हणून 1 लिटर पाण्याचा सुमारे 1.09 लिटर बर्फ होतो. (बर्फाच्या ह्या षट्कोनी रचनेच्या नावावर आपल्याकडे 'हेक्सागोनल पाणी' देणारी महागडी यंत्रं विकली जातात. द्रव पाण्यात एकेक बंध सेकंदाच्या लक्षकोटीव्या भागाच्या आसपास टिकतो. षट्कोनी पाणी हवंच असेल तर फ्रीजरमध्ये ट्रे ठेवावा, स्वस्तात पडेल.)

पण फक्त नऊ टक्के फुगण्यानं काही फुटत नाही. वरून उघड्या घमेल्यात पाणी गोठलं तर बर्फ वर उचलला जातो आणि घमेलं शाबूत राहतं. गफलत होते ती पाणी कोंडलं गेल्यावर. ब्लॉकमध्ये पातळ भिंतींलगतचं आणि अरुंद वाटांमधलं पाणी आधी गोठतं. ह्या बर्फानं दोन्हीकडच्या वाटा बंद झाल्या की मधलं पाणी अडकतं. आता बर्फ वाढेल तसा त्या अडकलेल्या पाण्यावर दाब चढत जातो. इलिनॉय विद्यापीठात 1990च्या दशकात घरातल्या नळांवर प्रयोग झाले, तेव्हाही हेच दिसलं. नळ पुष्कळदा फुटतो तो बर्फ झालेल्या जागी नव्हे, तर बर्फाचा बोळा आणि बंद तोटी यांच्या मधल्या, अजून न गोठलेल्या पाण्याच्या टप्प्यात.

दाब किती चढतो? इथे पाण्याची दुसरी खोड कामाला येते. दाबाखाली त्याचा गोठणबिंदू खाली सरकतो. कोंडलेल्या पाण्यात बर्फ आणि पाणी एकत्र असेपर्यंत दाब तापमानाच्या मागोमाग चढतो, सुरुवातीला दर अंशाला साधारण 130 वातावरणं, पुढे जरा कमी (एक वातावरण म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण 1 किलो). उणे 10 अंशांना तो दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 1,100 किलोपर्यंत जातो. भिंतीवरचा ताण म्हणजे दाब गुणिले त्रिज्या भागिले जाडी. 4 सेंटिमीटर त्रिज्येची पोकळी आणि अर्ध्या सेंटिमीटरची भिंत धरली, तर ताण दाबाच्या आठपट. साधं बीड चौरस सेंटिमीटरला 2,000 किलोच्या आसपास ताणात तुटतं. म्हणजे 250 किलो दाब पुरे, आणि तेवढा दाब उणे 2 अंशांनाच मिळतो! हिशेब ढोबळ आहे. ब्लॉकमधली पोकळी काही गोल नळी नसते. पण तिच्या सपाट भिंती गोल भिंतींपेक्षा कमजोरच असतात, आणि बीड वाकत नाही, तडकतं.

कॅनडात क्वेबेकच्या हिवाळ्यात 1784-85 साली मेजर एडवर्ड विल्यम्स ह्या तोफखान्यातल्या अधिकाऱ्यानं लोखंडी बॉम्बगोळ्यांत पाणी भरून, लोखंडी बूच ठोकून ते बाहेर ठेवले होते. एका गोळ्याचं बूच 400 फुटांहून लांब उडालं आणि भोकातून बर्फाचा दांडा बाहेर आला. जिथे बूच हललं नाही तिथे गोळाच दुभंगला. फ्रीज प्लगवर भरवसा ठेवणाऱ्यांनी ह्या दोन शक्यतांकडे नीट पाहावं.

"पण गेल्या वर्षी दोन रात्री शून्याखाली गेल्या, माझ्या बोटीला काही झालं नाही," असंही कुणी सांगतो. खरं आहे. 1 किलो पाणी गोठताना 334 किलोज्यूल उष्णता सोडतं, आणि ब्लॉकचं जड लोखंडही सावकाश निवतं. एखादी थंड रात्र त्यात निभते. सलग आठवडा निभत नाही.

मग करायचं काय, तर खालची बुचं काढायची. व्ही आकाराच्या इंजिनाला सहसा ब्लॉकच्या दोन्ही अंगांना एकेक, दोन्ही मॅनिफोल्डना एकेक, शिवाय पंपाचं आणि नळ्यांचं वेगळं. नेमक्या जागा त्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये असतात. मावसभावानं फोन स्पीकरवर ठेवून पहिलं बूच काढलं. चमचाभर तांबूस पाणी आलं आणि थांबलं. "रिकामा आहे ब्लॉक," तो म्हणाला. मी त्याला तार घालून ढोसायला सांगितलं. आतून गंजाचा चिखल सुटला, मग करंगळीएवढी धार लागली आणि बराच वेळ चालू राहिली. ब्लॉक फुटतात त्यातले पुष्कळ असेच, बूच काढून 'रिकामे' केलेले. वर्षानुवर्षांचा गाळ भोकाच्या तोंडाशी बसलेला असतो.

शेवटचा थेंब पुसून काढायची मात्र गरज नाही. तळाशी राहिलेल्या दोन चमचे पाण्याला फुगायला वर भरपूर जागा असते.

अँटीफ्रीझचं म्हणाल, तर न रिकामं करता वरून ओतलेलं अँटीफ्रीझ हा आशावाद झाला. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट, म्हणजे तापल्यावर उघडणारी झडप, बंद असतो, त्यामुळे ते ब्लॉकमध्ये नीट पोचत नाही, आणि पोचलं तरी आतल्या पाण्यानं पातळ होतं. बाटलीवरचा 'उणे 50' हा आकडाही फॅरनहाइटमध्ये असतो, म्हणजे सुमारे उणे 46 सेल्सियस, आणि तो नळ फुटण्यापासूनच्या संरक्षणाचा असतो. त्या अँटीफ्रीझचा बर्फाळ चिखल व्हायला त्याच्या कितीतरी आधी सुरुवात होते. आधी पूर्ण रिकामं करून, बुचं परत लावून मग भरलं तर उत्तम, कारण त्यातली गंजरोधकं ओल्या लोखंडाला जपतात.

हिवाळाभर चीर कळत नाही, बर्फच ती बुजवून ठेवतो. मिनेसोटातलं मिनेटोंका तळं साधारण एप्रिलच्या मध्यावर मोकळं होतं. बोट पाण्यात उतरते, इंजिन सुरू होतं, आणि ऑइल मोजायची डिपस्टिक ओढल्यावर तिच्यावर पाणी मिसळून दुधाळ कॉफीसारखं झालेलं ऑइल दिसतं. मग नवा ब्लॉक. मावसभावानं अँटीफ्रीझ न भरता ब्लॉक उघडाच ठेवायचं ठरवलं आहे. काढलेली बुचं त्यानं पिशवीत घालून इंजिनाच्या किल्लीला बांधली आहेत, कारण ती न लावता बोट पाण्यात घातली तर तळं आत येतं, ते मात्र सगळं.