बोरचं पाणी नितळ दिसतंय, पण नायट्रेट किती आहे?

पाणी तपासायला आणणारे बरेच जण बाटली उजेडाकडे धरून म्हणतात, बघा ना किती स्वच्छ आहे. पण नायट्रेट म्हणजे पाण्यात विरघळणारं नत्राचं (नायट्रोजनचं) रूप, त्याला रंग नाही, वास नाही, ते डोळ्याला कळणारच नाही. उकळून पण जात नाही, उलट पाणी आटतं, नायट्रेट तेवढंच राहतं आणि प्रमाण वाढतं.

येतं कुठून, तर बऱ्याचदा आपल्याच शेतातून. १०० किलो युरियात ४६ किलो नत्र. जमिनीत त्याचं आधी अमोनियम होतं, ते मातीच्या कणांना धरून राहतं, मग जीवाणू त्याचं नायट्रेट करतात आणि ते मातीत टिकत नाही, कारण नायट्रेट आणि मातीचे कण, दोघांवरही ऋण भार, त्यामुळे पाणी जाईल तिकडं ते खाली उतरतं. मुळांच्या खाली गेलं की पिकाला काही उपयोग नाही, खर्च तुमचा आणि खत विहिरीत.

म्हणून आम्ही प्रत्येकाला सांगतो, खत किती टाकता याच्याइतकंच कधी टाकता आणि वरून पाणी किती देता हे बघा. पेरणीलाच सगळं नत्र ओतलं तर ते घ्यायला तेव्हा मुळंच नसतात! दोन-तीन हप्ते करा, मोठा पाऊस दिसत असेल तर थांबा, ठिबकमधून देत असाल तर खत सोडून झाल्यावर पाइप धुण्यापुरतंच पाणी चालवा, तासन्‌तास नको. हलक्या वाळूसर जमिनीत तर हे पाळाच. शेणखतातलं नत्र पण हिशोबात धरा, ते हमखास विसरलं जातं, आणि उकिरडा विहिरीपासून लांब ठेवा. काढणीनंतर रान मोकळं न ठेवता काहीतरी पेरलं तर उरलेलं नत्र ते पीक उचलतं.

रिपोर्ट वाचताना एक नीट बघा. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम नायट्रेट अशी आहे, पण काही रिपोर्टात 'नायट्रेट-नायट्रोजन', म्हणजे नायट्रेटमधलं फक्त नत्र, छापलेलं असतं, त्याला ४.४३ ने गुणायचं. म्हणजे तिथला १० आकडा छोटा वाटला तरी ते ४४ आहे, मर्यादेच्या जवळच.

घरात बाटलीचं दूध पिणारं सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर प्लीज तपासणी पुढं ढकलू नका, नायट्रेट जास्त झालं की बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद कमी होते. आकडा जास्त आला तर त्याच्यासाठी दुसरं पाणी वापरा. आरओने नायट्रेट कमी होतं, साध्या कँडल फिल्टरने किंवा यूव्हीने नाही.

सँपल घेताना पंप दहा मिनिटं चालू द्या, मग त्याच पाण्याने बाटली दोन-तीनदा विसळून भरा, गार ठेवा आणि शक्यतो त्याच दिवशी आणून द्या.