कोरीव लाकडात पितळ, माती आणि खण: आमची भित्तिचित्रे कशी बनतात

पितळी पत्र्याभोवती केसभर फट दिसते ती मुद्दाम सोडलेली असते. लाकूड रेषेच्या दिशेने जवळजवळ हलत नाही, आडवे मात्र हलते. फूटभर रुंद सागवानी फळी मार्चच्या कोरड्या हवेत आणि जुलैच्या पावसात मोजली, तर दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडतो. पितळ आणि भाजलेली माती अशी फुगत नाहीत. सगळे घट्ट चिकटवले की वर्षभरात पत्र्याला पोट येते, नाहीतर माती तडकते.

फळी 25 मिमी जाडीची घेतो. ओलावा 12 टक्क्यांच्या आत आल्याशिवाय पटाशी लावत नाही. कोरीव कामाची खोली 10 ते 12 मिमी असते. एकाच बाजूचे लाकूड निघाल्याने फळी वाकू पाहते, म्हणून मोठे खोदकाम झाल्यावर ती आठवडाभर उभी ठेवतो आणि मगच बारीक हात फिरवतो. पाठीला दोन आडव्या पट्ट्या येतात. फळीला हलायला वाव राहावा म्हणून त्यांच्या स्क्रूची भोके लांबट असतात. पॉलिशचे जेवढे हात पुढे, तेवढेच मागे. मागची बाजू कोरी ठेवलेली स्वस्त फळी पहिल्या पावसातच वाकते.

पॉलिश वाळल्यावर 0.5 मिमी पितळी पत्रा बसतो. खिळ्यांसाठी आधी बारीक भोक पाडावेच लागते. नाहीतर कोरलेली पाकळी चिरते. बेळगावजवळच्या खानापूरकडच्या मातीच्या टाइला सिलिकॉनवर बसवतो. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन वापरत नाही, कारण त्याने शेजारचे पितळ हिरवे पडते. सागवान तेलकट, जिथे काही चिकटवायचे ती जागा आधी थिनरने पुसून घेतो. उत्तर कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण (चोळीचे कापड) थेट लाकडावर लावला तर डिंक वर येऊन डाग पडतो. तो आधी पुठ्ठ्यावर ताणून मग खाचेत बसवतो. (घरातल्या जुन्या खणाचा तुकडा दिलात तरी चालेल, 15 सेंमी चौरस पुरतो.)

जांबोटी, खानापूर भागात पावसाचा मारा बसणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीवर चित्र लावू नका. दुसऱ्या भिंतीवरही मागचे बुचाचे तुकडे काढू नका, हवा खेळायला तेवढी जागा लागते. उन्हात खणाचा रंग उडतो. धूळ कोरड्या मऊ ब्रशने काढा. चिंच किंवा पितळ घासायची पावडर अजिबात नको: पाणी लाकडात मुरते आणि पांढरी पूड नक्षीत अडकते, ती पुन्हा निघत नाही.

पावसाळ्यात वाळवण लांबते. दिवाळीला चित्र हवे असेल, तर माप मेअखेर कळवा.