पॉल निपको टीव्ही केंद्र (बर्लिन, १९३५–१९४४)

नाझी जर्मनीचं सरकारी टीव्ही केंद्र. जर्मनमध्ये पूर्ण नाव 'फेर्नझेझेंडर पाउल निपको'. २२ मार्च १९३५ ला बर्लिनमधून याचं प्रसारण सुरू झालं आणि जगातली पहिली नियमित टीव्ही सेवा आमची असं त्याच दिवशी जाहीर करून टाकलं. हुकूमशाहीनं टीव्ही कसा वापरला याचं उदाहरण म्हणून हे केंद्र नेहमी दिलं जातं, पण नीट बघितलं तर टीव्हीवरून झालेला प्रचार तसा थोडाच, टीव्हीबद्दल झालेला प्रचार मात्र भरपूर.

आधी घाई कसली होती ते बघू. जानेवारी १९३५ मध्ये ब्रिटनच्या एका सरकारी समितीनं चांगल्या दर्जाची टीव्ही सेवा लवकर सुरू करा अशी शिफारस केली. ती बातमी बर्लिनला कळली आणि दोन-सव्वादोन महिन्यांत, जेमतेम तयारीवर यांनी पडदा उघडला. उद्घाटनाचं भाषण रेडिओ-प्रसारणाचा प्रमुख ऑयगेन हाडामोव्स्कीनं केलं, आणि फ्युररची म्हणजे हिटलरची प्रतिमा प्रत्येक जर्मन हृदयात कायमची रुजवणं हे टीव्हीचं पवित्र काम आहे अशा अर्थाचं काहीतरी त्यात होतं. सुरुवातीला प्रसारण आठवड्यातून तीनच संध्याकाळी, तेही दीडेक तास, चित्र १८० आडव्या रेषांचं (रेषा जितक्या जास्त तितकं चित्र स्पष्ट) आणि सेकंदाला २५ फ्रेम, आणि सेट होते ते अधिकारी, इंजिनियर, पत्रकार असल्या मोजक्या लोकांकडे. म्हणजे प्रत्येक हृदय वगैरे सगळं भाषणातच. बीबीसीची सेवा २ नोव्हेंबर १९३६ ला सुरू झाली, पुढं ४०५ रेषांवर गेली आणि ती चित्राच्या बाबतीत सरळ सरस होती, म्हणून 'पहिलं कोण' हा वाद आजही चालतो. जर्मन बाजू तारीख दाखवते, ब्रिटिश बाजू रेषा मोजते.

मे १९३५ मध्ये केंद्राला पॉल निपकोचं नाव दिलं. निपको म्हणजे १८६० साली पोमेरेनियात जन्मलेला माणूस, यानं विद्यार्थी असताना १८८४ मध्ये भोकं पाडलेल्या फिरत्या चकतीचं पेटंट घेतलं. चकती फिरते तशी तिच्यावरची सर्पिलाकार भोकं चित्राचे एकेक पट्टे वाचत जातात, अशी ती कल्पना. यंत्र त्यानं कधी बांधलंच नाही, पेटंट विकलं गेलं नाही, ते बाद झालं, आणि बिचारा आयुष्यभर रेल्वेच्या सिग्नलच्या धंद्यात राहिला. १९२८ च्या बर्लिन रेडिओ प्रदर्शनात टीव्हीचं प्रात्यक्षिक बघायला हा माणूस चारचौघांसारखा गर्दीत ताटकळत उभा होता म्हणे. नाझींना असाच एक विस्मरणात गेलेला 'शुद्ध जर्मन' शोधक हवा होता, मग त्याला म्हातारपणी मानसन्मान, मानद अध्यक्षपद, आणि ऑगस्ट १९४० मध्ये ऐंशीव्या वाढदिवसानंतर दोनच दिवसांनी तो गेला तेव्हा सरकारी इतमामात अंत्यसंस्कार.

गंमत अशी की या 'जर्मन' टीव्हीचं रक्त भलतंच मिश्र होतं. फेर्नझे एजी ही मुख्य कंपनी १९२९ साली निघाली तेव्हा तिच्यात बॉश आणि झाइस इकॉनसोबत स्कॉटिश जॉन बेअर्डची कंपनीही भागीदार होती. टेलिफुंकेनचा कॅमेरा अमेरिकेत झ्वोरिकिननं विकसित केलेल्या, चित्राचा विजेचा सिग्नल करणाऱ्या आयकॉनोस्कोप नळीवर चालायचा आणि फेर्नझे एजीचा कॅमेरा फार्न्सवर्थ या दुसऱ्या अमेरिकनाच्या नळीवर. चौथी भागीदार कंपनी लोव्हे, ती झिग्मुंड लोव्हे या ज्यू उद्योजकाची, तिच्याच मदतीनं मानफ्रेड फॉन आर्डेननं १९३१ च्या प्रदर्शनात संपूर्ण इलेक्ट्रॉनिक टीव्ही दाखवलेला. पुढं झिग्मुंड लोव्हेला देश सोडून अमेरिका गाठावी लागली, कारखाना मात्र नव्या 'आर्य' म्हणजे ज्यू नसलेल्या मालकीखाली सेट बनवत राहिला. उद्घाटनाच्या भाषणात यातलं काही यायचा प्रश्नच नव्हता.

स्टुडिओ हा शब्दही सुरुवातीच्या जागेला मोठाच होतो. ती एक टेलिफोन बूथपेक्षा थोडी मोठी काळोखी खोली, जेमतेम दीड बाय दीड मीटर. निवेदिका किंवा गायक अंधारात उभा राहायचा आणि प्रकाशाचा एक बारीक झोत त्याच्या चेहऱ्यावरून सारखा फिरत राहायचा, परत येणारा उजेड फोटोसेल (उजेडाची वीज करणारे) पकडायचे. हलायचं नाही, कागद वाचायला उजेड नाही, दिसतं काय तर डोकं आणि खांदे. अशा खोलीत घोषणाबाज राजकारण करणार तरी कसं? म्हणून बराचसा कार्यक्रम फिल्मवरून जायचा: न्यूजरील, जुने चित्रपट कापून, सांस्कृतिक माहितीपट, मधेमधे गाणी आणि विनोदी नकला. पहिली निवेदिका उर्सुला पाट्शके, तिचं स्वागताचं वाक्य प्रसिद्ध आहे, त्यात ती बृहद्बर्लिनच्या टीव्ही-खोल्यांतल्या सगळ्या राष्ट्रबंधू-भगिनींना 'हाइल हिटलर' म्हणते. टीव्ही-खोल्यांतल्या म्हणते, घरातल्या नाही, हे लक्षात घ्या.

कारण टीव्ही घरात नव्हताच. लोकांनी तो बघायचा 'फेर्नझेश्टुबे'त, म्हणजे सार्वजनिक टीव्ही-खोलीत. पहिली खोली एप्रिल १९३५ मध्ये लायप्झिगर श्ट्रासवरच्या पोस्टाच्या संग्रहालयात उघडली. खोलीत एकदोन सेट, काच वहीच्या पानाएवढी, समोर तीसेक माणसं दाटीवाटीनं. राजवटीच्या दृष्टीनं ही व्यवस्था वाईट नव्हती, सगळे एकत्र बसतात, एकत्र बघतात, आणि कोण कधी हसलं तेही दिसतं. पण त्याआधीच, २८ मार्चला म्हणजे टीव्हीच्या उद्घाटनानंतर सहाच दिवसांनी, बर्लिनच्या मोठ्या थिएटरात नाझी पक्षाच्या न्यूरेंबर्ग मेळाव्यावरचा भव्य प्रचारपट झळकला होता. तिथं नेता पडद्यावर देवासारखा ढगातून उतरतो, आणि इथं तोच नेता मिणमिणत्या काचेत अंगठ्याएवढा. प्रचारमंत्री गोबेल्सचा जीव शेवटपर्यंत रेडिओ आणि सिनेमातच राहिला यात माझ्या मते काही नवल नाही.

रेडिओचा हिशोबही बघण्यासारखा आहे. 'फोक्सएम्फेंगर' हा जनता रेडिओ १९३३ मध्ये ७६ मार्कांना मिळायचा (मॉडेल क्रमांक ३०१, कारण हिटलर ३० जानेवारीला चान्सलर झाला) आणि १९३८ चं छोटं मॉडेल तर ३५ मार्कांना, त्याला लोक 'गोबेल्सचं थोबाड' म्हणायचे. तसाच जनता टीव्ही काढायचा घाट १९३९ मध्ये घातला, पाच कंपन्यांनी मिळून एकच मॉडेल बनवलं, ई-१, ४४१ रेषा, किंमत ६५० मार्क, दहा हजार सेट काढायचे ठरलं. सप्टेंबरात युद्ध सुरू झालं आणि तयार झाले साधारण पन्नास. ब्रिटनमध्ये तोपर्यंत वीसेक हजार घरांत टीव्ही होता.

त्यात सरकारमध्येच ओढाताण. तांत्रिक यंत्रणा पोस्टखात्याची, कार्यक्रम प्रचारखात्याचे, आणि जुलै १९३५ मध्ये हिटलरनं फतवा काढून टीव्ही गोअरिंगच्या विमानखात्याकडे दिला, कारण विमानांच्या सुरक्षेसाठी आणि हवाई संरक्षणासाठी याचं महत्त्व आहे म्हणे. डिसेंबरात तो फतवा बदलून परत वाटणी झाली. एकच नेता, एकच आज्ञा असं बाहेरून दिसणाऱ्या राजवटीत एका टीव्हीला तीन मालक! मधल्या काळात ऑगस्ट १९३५ च्या रेडिओ प्रदर्शनात आग लागून ट्रान्समीटरच जळाले आणि प्रसारण जानेवारी १९३६ पर्यंत बंदच पडलं.

केंद्राचे खरे सोन्याचे दिवस म्हणजे १ ते १६ ऑगस्ट १९३६, बर्लिन ऑलिंपिक. (आपल्याकडून अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक त्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवायला बर्लिनला गेलं होतं.) मैदानात टेलिफुंकेनचा दोन मीटरहून लांब कॅमेरा, लोक त्याला तोफच म्हणायचे, लेन्स बदलायची तर माणसांनी उचलून बसवायची. दुसरी युक्ती गाडीवरची: ट्रकच्या टपावर फिल्म कॅमेरा, फिल्म तिथूनच सरळ आत टाकीत उतरून धुतली जायची आणि ओली असतानाच स्कॅन होऊन दीडेक मिनिटात प्रसारित, म्हणजे लाइव्ह नाही पण जवळजवळ लाइव्ह. शहरातल्या पंचवीसेक टीव्ही-खोल्यांत दीड लाखाहून जास्त लोकांनी हे बघितलं असा आकडा दिला जातो. ढग आले की चित्र गेलंच. पण परदेशी पाहुण्यांनी घरी जाऊन सांगायचं ते सांगितलं, जर्मनी किती पुढं गेलाय, आणि काम झालं. त्या तोफेमागं उभा असलेला तरुण तंत्रज्ञ वाल्टर ब्रुख, त्यानंच १९६० च्या दशकात पाल ही रंगीत टीव्हीची पद्धत शोधली, आणि १९८२ च्या दिल्ली एशियाडला आपल्याकडे रंगीत दूरदर्शन आलं ते पालवरच.

ऑलिंपिकच्याच वर्षी, मार्च १९३६ मध्ये, बर्लिन ते लायप्झिग व्हिडिओ टेलिफोनही सुरू केला होता, पोस्टाच्या बूथमध्ये बसून तीन मिनिटं समोरच्याचा चेहरा बघत बोलायचे साडेतीन मार्क. युद्धात तो बंद झाला.

युद्धात टीव्ही मात्र पूर्ण बंद झाला नाही, याचं श्रेय जखमी सैनिकांना. सेट लष्करी इस्पितळांत नेऊन ठेवले, ऑलिंपिक मैदानाजवळच्या मोठ्या सभागृहातून गाणी-नाच-विनोदाचे कार्यक्रम व्हायला लागले, समोर सैनिकांचा प्रेक्षकवर्ग. भाषणांपेक्षा करमणूक जास्त, आणि प्रचार म्हणून हेच जास्त उपयोगाचं ठरलं असावं, पाय गेलेल्या पोराला अजून एक भाषण ऐकवून काय मिळणार. नोव्हेंबर १९४३ मध्ये बॉम्बहल्ल्यांत बर्लिनचा ट्रान्समीटर गेला, त्यानंतर १९४४ पर्यंत केबलवरून इस्पितळांत काही काळ चाललं. इकडे फेर्नझे एजीचे इंजिनियर विमानातून सोडायच्या बॉम्बच्या नाकात बसणारा छोटा टीव्ही कॅमेरा बनवत होते, चित्र बघत बॉम्ब नेमका नेऊन आपटायचा म्हणून. चाचण्या झाल्या, पण रणांगणावर त्याचा काही प्रभाव पडला नाही.

व्याप्त पॅरिसमध्येही १९४३ पासून जर्मनांनी आयफेल टॉवरवरून टीव्ही चालवला, प्रमुख कुर्ट हिन्झमान, भाषा जर्मन आणि फ्रेंच दोन्ही, प्रेक्षक परत इस्पितळातलेच. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरून ब्रिटिश हे सिग्नल पकडून बघायचे. ऑगस्ट १९४४ मध्ये जर्मन पॅरिस सोडून गेले तेव्हा आयफेलवरचा ट्रान्समीटर शाबूत होता.

बर्लिनच्या लाइव्ह कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग कधी झालंच नाही, तशी सोयच नव्हती. आज जे बघायला मिळतं ते फिल्मवर शूट केलेले तुकडे, म्हणजे नीट ठरवून, सजवून केलेला भाग, आणि अंधाऱ्या खोलीतून रोज रात्री जे जायचं ते गेलं. ४४१ रेषांची पद्धत तेवढी पॅरिसमध्ये फ्रेंच टीव्हीनं युद्धानंतरही चालू ठेवली, १९५६ च्या जानेवारीत आयफेल टॉवरवरच्या ट्रान्समीटरला आग लागेपर्यंत.